बंब ठेवावा की काढावा?

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची समाप्ती होते, साधु-साध्वीजींचे विहार सुरू होतात आणि त्याच सुमारास आपल्या घरांत थंडीची पहिली चाहूल लागते. निफाडसारख्या ठिकाणी तर काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. पेठेतील जुन्या घरांतून, जिथे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड आहे, याच दिवसांत एक विषय निघतो: मागच्या पडवीतील तांब्याचा बंब अजून ठेवायचा की काढून टाकायचा?

विषय किरकोळ वाटतो. परंतु त्यावरून घरात तीन मते पडतात. आजोबा म्हणतात, बंबाला विजेचे बिल येत नाही. आजी म्हणतात, बंबात आपण गाळलेले पाणी भरतो, नळीतून आलेल्या पाण्याचा काय भरवसा? नवी पिढी म्हणते, बटण दाबले की पाणी गरम होत असताना पहाटे धुरात कोणी बसावे? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न 'जुने ते सोने' किंवा 'नवे ते चांगले' अशा एका वाक्यात सुटत नाही. आपण व्यापारी माणसे आहोत. जुने यंत्र ठेवावे की बदलावे, हा निर्णय आपण पेढीवर हिशेब मांडून घेतो. घरातही तसाच हिशेब मांडावा. मात्र त्यात रुपयांबरोबर घरची माणसे आणि जीवदया यांचीही पाने उघडावीत.

पाणी दोन प्रकारचे

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गल्लत दूर केली पाहिजे. पुष्कळ घरांत बंब धर्माच्या नावाने टिकून आहे. 'आपल्याकडे गरम पाण्याचा नियम आहे, वर्षीतप चालू आहे, ओळी येतील, मग बंब हवाच' असे सांगितले जाते. परंतु तपस्व्याला लागणारे पक्के पाणी आणि आंघोळीचे गरम पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पक्क्या पाण्याला पूर्ण उकळी यावी लागते आणि परंपरेने तीन उकाळ्यांचा आग्रह धरलेला आहे. त्याची कालमर्यादाही ठरलेली आहे. श्वेतांबर परंपरेत ती पावसाळ्यात 3, हिवाळ्यात 4 आणि उन्हाळ्यात 5 प्रहर मानतात. दिगंबर परंपरेतील मर्यादा वेगळ्या आहेत. हे पाणी स्वच्छ पातेल्यात, स्वयंपाकघरातच उकळायचे असते आणि एका तपस्व्याला ते दिवसाला दोन-तीन लिटर लागते. आंघोळीच्या बंबातील पाणी पिण्यासाठी घेऊ नये. आत कल्हई नसते, सांध्यांना झाळण असते आणि तळाशी गाळ साचलेला असतो. गीझरचे पाणीही पक्के पाणी नव्हे, कारण ते उकळीपर्यंत जातच नाही. साठ-सत्तर अंशांवर त्याचा थर्मोस्टॅट वीज तोडतो. सौर संचाचे पाणी कितीही कढत लागले तरी त्यालाही हेच लागू आहे.

म्हणजे पिण्याच्या पाण्याचा अग्नी स्वयंपाकघरात पेटतो आणि तिथेच राहणार आहे. बंब ठेवल्याने तपाला साहाय्य होत नाही आणि काढल्याने बाधाही येत नाही. प्रश्न उरतो तो केवळ आंघोळीच्या पाण्याचा. तो एकदा असा वेगळा काढला की चर्चेतील अर्धा ताण निवळतो.

रुपयांचे पान

सहा माणसांचे कुटुंब धरू. प्रत्येकी 20 लिटरची एक बादली, म्हणजे दिवसाला 120 लिटर पाणी. टाकीतील पाणी पहाटे 20 अंशांचे आहे आणि आंघोळीला ते 40 अंशांचे हवे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्यामुळे 120 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला 2,400 किलोकॅलरी लागतील. साधन कोणतेही असो, एवढी उष्णता पाण्याला द्यावीच लागते.

विजेच्या मापात हे 2.8 युनिट होतात. टाकीतून आणि नळीतून जाणारी उष्णता मिळवली तर सव्वातीन युनिट धरावे. युनिटचा दर आपल्या बिलावर पाहून घ्यावा. सोयीसाठी 10 रुपये धरला तर दिवसाला सुमारे 32 रुपये होतात. वर्षातील 240 दिवस गरम पाणी लागते असे मानले तर 780 युनिट, म्हणजे 7,800 रुपये.

आता बंब. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण 3,500 किलोकॅलरी उष्णता असते. बंबाच्या नळीतून बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते. एक तृतीयांश पाण्याला मिळाली असे धरले तर रोज दोन किलो लाकूड लागेल. वर्षाला 480 किलो, म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल. लाकूड आठ रुपये किलोने मिळाले तर वर्षाचा खर्च 3,840 रुपये.

आजोबांचे म्हणणे इथे खरे ठरते. रोख खर्चात बंब गीझरच्या निम्म्याने स्वस्त आहे. शेतातली तुरीची तुराट्या, नारळाच्या करवंट्या किंवा वखारीतील ढलप्या फुकट मिळत असतील तर तो आणखी स्वस्त पडेल. अर्थात दुकानातील खोक्यांचे तुकडे बंबात घालण्याची सवय ज्या घरांत आहे त्यांनी सावध राहावे. साधा पुठ्ठा जळतो, पण त्याबरोबर प्लास्टिकची पट्टी, चिकटपट्टी, चकाकी चढवलेला कागद किंवा रंग दिलेले लाकूड आत गेले तर त्याचा धूर विषारी असतो आणि तो पेटवणाराच्या नाकातोंडात सर्वांत आधी जातो.

न लिहिलेला खर्च

कोणत्याही पेढीवर मुनीमजींनी खर्चाची एक बाजू कोरी ठेवून नफा दाखवला तर आपण तो मान्य करणार नाही. बंबाच्या हिशेबात मात्र पिढ्यानुपिढ्या एक पान कोरे राहिले आहे. ते पान बंब पेटवणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाचे आहे.

लाकूड फोडून ठेवणे, राख काढणे, पाणी भरणे, पेटवणे, फुंकणीने फुंकणे, विस्तवाकडे लक्ष ठेवणे, बादल्या उचलून न्हाणीघरात नेणे, या सर्वांना मिळून रोज अर्धा तास तरी जातो. 240 दिवसांचे 120 तास झाले. म्हणजे आठ तासांच्या पंधरा दिवसांइतकी मजुरी. ही मजुरी घरातील सूनबाई, आई किंवा आजी करते. क्वचित एखादा गडी करतो, तेव्हाच ती वहीत दिसते.

शिवाय ही वेळ पहाटेची असते. जिला सामायिक करायचे आहे, मुलांचे डबे करायचे आहेत, तिचाच हा अर्धा तास बंब घेतो. वय झालेल्या हातांनी वीस लिटरची कढत बादली उचलताना पाय घसरला तर काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कृत्रिम धाग्याच्या साडीचा पदर जाळाजवळ जाणे, दम्याच्या रुग्णाने रोज धुरात बसणे, यांचीही किंमत कुठेतरी मोजली जातेच. पुष्कळदा ती दवाखान्यात मोजावी लागते.

म्हणून बंबाविषयी मत देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: उद्या पहाटे तो कोण पेटवणार? ज्याला बंब प्रिय आहे तोच तो पेटवत असेल तर त्याचे मत वजनदार आहे. प्रेम एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे असतील, तर ज्याचे श्रम त्याचे मत आधी ऐकले पाहिजे. बैठकीच्या खोलीत हा निर्णय होतो तेव्हा ती व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात असते. तिला बोलावून घ्यावे.

जीवदयेचे पान

अग्नी पेटवणे हा आपल्या दृष्टीने आरंभ आहे. तेउकाय जीवांची विराधना तर होतेच, पण लाकडाबरोबर त्रसकाय जीवांचाही प्रश्न येतो. पावसाळ्यात साठवलेल्या सरपणात मुंग्या, वाळवी, लाकूड पोखरणाऱ्या अळ्या आणि कुंथूसारखे सूक्ष्म जीव असतात. ओलसर सालीवर बुरशी येते. लाकूड झटकून, पाहून मगच घालावे अशी जयणा आपल्या थोरांनी शिकवली. परंतु पहाटेच्या अंधारात, मिणमिणत्या दिव्याखाली ते नीट पाहिले जाते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ढलपीच्या भेगेत बसलेली अळी दिवसा उजेडीही सहज दिसत नाही.

यावरून 'मग गीझर लावला की हिंसा टळली' असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही पुरा नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. एक युनिट वीज तयार करण्यासाठी साधारण 600 ते 750 ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कुटुंबाचे सव्वातीन युनिट म्हणजे दोन किलोंहून अधिक कोळसा. बंबात दोन किलो लाकूड, तर गीझरमागे दोन किलो कोळसा. जाळ सुमारे तेवढाच राहिला. आपल्या पडवीतून निघून चंद्रपूरला गेला, एवढेच. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार करणाऱ्या परंपरेत 'माझ्या घरात धूर नाही' एवढ्याने समाधान मानता येत नाही.

तेव्हा या निर्णयातील खरी कसोटी अशी: बदलाने अग्नी केवळ नजरेआड होतो की खरोखर कमी होतो? गृहस्थाला गरम पाणी लागणारच. वृद्ध, बालक, आजारी यांना ते द्यावेच लागते. तो अर्थदंड आहे. परंतु कारण नसताना तापलेले पाणी, कोणी न वापरता रात्रभर चालू राहिलेला गीझर, उकळी आणून मग तितकेच विसण घालून थंड केलेली बादली, हा अनर्थदंड आहे. अनर्थदंड विरमण हे श्रावकाच्या गुणव्रतांतील एक व्रत आहे आणि न्हाणीघराइतकी त्याच्या पालनाची सोपी जागा घरात दुसरी नाही.

साधन बदलण्यापूर्वी म्हणूनच सवय पाहावी. बादली 20 ऐवजी 15 लिटरची केली तर साधन तेच राहूनही अग्नी चौथा हिस्सा कमी होतो. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास चार-पाच बादल्या पाणी सहज जाते. बंब काढून फवारा बसवला, तर रुपये आणि जीवदया या दोन्ही पानांवर तोटाच लिहावा लागेल.

आजींची शंका

आजींच्या शंकेला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही, कारण ती शंका रास्त आहे. बंबात प्रत्येक कळशी गळण्यातून जाते. गीझर आणि सौर संच यांना पाणी थेट गच्चीवरील टाकीतून मिळते. तिथे गळणे कोण धरणार? बंबाचा हा एकमेव गुण असा आहे, ज्याला नव्या साधनात आपोआप पर्याय मिळत नाही.

तो आपल्याला निर्माण करावा लागतो. टाकीत पाणी पडते त्या तोंडाला दुहेरी जाड कापडाची पिशवी बांधावी आणि ती ठरल्या वेळी जयणेने उतरवून धुवावी. टाकीचे झाकण घट्ट असावे, म्हणजे डास व इतर जीव उत्पन्न होत नाहीत. टाकी नियमित स्वच्छ करावी. शेवाळ धरलेली टाकी घासणे ही मोठी विराधना आहे, ते धरूच न देणे हे शहाणपण. एवढी व्यवस्था ज्या घरात होणार नाही, त्या घरातील आजींचा आक्षेप कायम राहील आणि तो राहावाच.

बंब कोणी ठेवावा?

वरील सर्व विचार करूनही काही घरांत बंब ठेवणे योग्य ठरेल. शेतवाडीवर स्वतःचे सुके सरपण आहे, वीज वारंवार जाते, न्हाणीघराबाहेर मोकळी पडवी आहे आणि पेटवणारा आनंदाने पेटवतो, अशा घराने तो मोडीत काढण्याची घाई करू नये. मात्र काही नियम पाळावेत.

बंब नेहमी उघड्यावर किंवा हवेशीर पडवीत पेटवावा. बंद न्हाणीघरात कधीही नाही. धुमसणाऱ्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही. बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नये. रिकामा बंब तापला की सांध्यांची झाळण वितळते. पाणी भरण्याचे तोंड कशानेही घट्ट बंद करू नये, वाफेला वाट हवी. मधली नळी आणि तळ वर्षातून एकदा तांबटाला दाखवावा. पुण्याच्या तांबट आळीप्रमाणे काही गावांत ही कारागिरी अजून टिकून आहे. सांधा सुटला, तोटी गळली तर दुरुस्ती सोपी असते. नळीचा पत्राच पातळ होऊन भोके पडू लागली, तर पैसा घालत बसू नये. सरपण पावसाळ्यापूर्वी आणून कोरड्या, उंच जागी रचावे आणि उद्याचे लाकूड आदल्या दिवशी उजेडात पाहून वेगळे काढावे.

बदलायचा तर कशाने?

ज्या घरांचा निर्णय बदलाकडे झुकतो, त्यांच्यासमोर चार पर्याय आहेत.

पहिला साठवणीचा विजेचा गीझर. बसवायला स्वस्त, वापरायला महाग. 2 किलोवॅटच्या गीझरमध्ये 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर जायला वीस-बावीस मिनिटे लागतात. तेवढाच वेळ आधी बटण दाबावे, आदल्या रात्री नाही. खोक्यावरील तारे मुख्यतः तापलेले पाणी नुसते उभे असताना किती उष्णता गमावते, यावर दिलेले असतात. ज्या घरात गीझर दिवसभर चालू राहतो तिथे ताऱ्यांचे महत्त्व फार. जिथे वेळेवर बंद होतो तिथे कमी. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास असावा. त्याहून बराच खाली ठेवल्यास साठलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू वाढू शकतात. मात्र 60 अंशांचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत भाजते, म्हणून लहान मुलांसाठी बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग गरम. आयएसआय चिन्ह, योग्य अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच यांत काटकसर करू नये. जुन्या वाड्यांतील वायरिंग बहुधा दिव्यांपुरते केलेले असते. गीझरसाठी स्वतंत्र जाड तार ओढून घ्यावी आणि तो खर्च सुरुवातीच्याच अंदाजात धरावा.

दुसरा गॅस गीझर. पाणी तत्काळ तापते, बिल कमी येते. पण तो बंद न्हाणीघरात बसवल्याने दर हिवाळ्यात महाराष्ट्रात मृत्यू घडतात आणि बातम्या येतात. कारण तोच कार्बन मोनॉक्साइड. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच त्याचा विचार करावा आणि त्याचा धूर नळीने बाहेर सोडावा. आंघोळ करताना डोके दुखू लागले, गरगरले, तर ताबडतोब दार उघडून बाहेर यावे, गीझर बंद करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. एका झरोक्यावर भरवसा ठेवू नये. थंडीत तोच झरोका आपण कापड लावून बुजवतो.

तिसरा सौर संच. अग्नी खऱ्या अर्थाने कमी करणारा हा पर्याय. 100 लिटरच्या चपट्या पट्ट्याच्या संचाला सुमारे 2 चौरस मीटर पट्टा लागतो. त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि त्यावर शेजारच्या इमारतीची सावली पडू नये. पेठेतील दाट वस्तीत हीच मुख्य अडचण असते. डिसेंबरच्या सकाळी दहा वाजता आणि दुपारी तीन वाजता स्वतः गच्चीवर जाऊन सावली पाहावी. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये. भरलेला 150 लिटरचा संच दोनशे किलोंच्या पुढे जातो, तेव्हा जुन्या धाब्याच्या छताची ताकद जाणकाराकडून तपासून घ्यावी. मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड असते. तापले की त्यातील क्षार थर धरतात आणि तांब्याच्या बारीक नळ्या बुजतात. अशा ठिकाणी रुंद काचनळ्यांचा संच किंवा आत वेगळे पाणी फिरवणारा पट्ट्याचा संच घ्यावा. पावसाळ्यात ऊन नसते, त्या दिवसांसाठी लहान गीझर किंवा टाकीतील विद्युत कांडी लागते. कांडीचे बटण वेगळे आणि घरात असावे, म्हणजे ती विसरून चालू राहत नाही. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या नळीत उभे असलेले थंड पाणी आधी बाहेर येते. ते मोरीत सोडू नये, बादलीत धरून धुण्याभांड्याला वापरावे.

याचा हिशेब असा. पावसाळा वजा जाता दोन तृतीयांश वीज वाचली तर 780 पैकी 520 युनिट, म्हणजे 10 रुपये दराने वर्षाला 5,200 रुपये वाचतील. संच, नळ्या आणि बसवणी यांना मिळून 30,000 रुपये लागले असे मानल्यास सहा वर्षांत भांडवल परत येते; निगा राखली तर चांगला संच पंधरा वर्षे चालतो. आपल्याकडील भाव आणि दर घालून हेच गणित पुन्हा करावे.

चौथा उष्णता-पंप. तो बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एक युनिट वीज खर्च करून सुमारे तीन युनिट उष्णता मिळते, म्हणून आपल्या कुटुंबाला रोज एक युनिट पुरेल. किंमत बरीच अधिक असल्याने लहान घराला तो परवडत नाही. पण मोठे एकत्र कुटुंब, आयंबिल भवन, धर्मशाळा किंवा जिथे गच्चीवर सावली आहे अशा सोसायटीने त्याची चौकशी अवश्य करावी.

बंबाऐवजी जुना गीझर असलेल्या घरांसाठी नियम सोपा आहे. तापवणारी कांडी, थर्मोस्टॅट, झडप बिघडली तर दुरुस्त करावी. टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमची एक सळई असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. जड पाण्यात ती दर वर्ष-दोन वर्षांनी पाहून बदलल्यास टाकीचे आयुष्य वाढते. मात्र टाकीच गळू लागली तर दुरुस्तीचा नाद सोडावा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तत्क्षणी मुख्य स्विच बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. 'उद्या पाहू' म्हणू नये.

काढलेल्या बंबाचे काय?

बंब काढला, की तो माळ्यावर जातो आणि तिथे वीस वर्षे पडून राहतो. हा परिग्रह आहे. ठेवायचा तर वापरावा. वापरायचा नसेल तर मोकळा करावा. एखाद्या शेतावरील कुटुंबाला त्याचा उपयोग असेल तर त्यांना द्यावा. नसेल तर मोडीत द्यावा. तांब्याला मोड चांगली येते. लोखंडी पाय, जाळी आणि पितळी तोटी वेगळी काढून तांब्याचे वजन आपल्यासमोर काट्यावर करून घ्यावे आणि त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारावा. आलेली रक्कम नव्या संचाच्या खर्चात जमा करता येईल. किंवा वर्षानुवर्षे त्या जाळात जे जीव नकळत गेले त्यांचे स्मरण ठेवून तिचा काही भाग गावच्या पांजरापोळाला देता येईल.

पाणी तापवणाऱ्या एका भांड्याविषयी इतका विचार करावा का, असे कोणी म्हणेल. पण घरातील अग्नी, पाणी आणि माणसाचे श्रम ही तिन्ही रोज त्याच एका जागी खर्च होतात. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. किती बादल्या लागतात, गेल्या हिवाळ्यात बिल किती आले, सरपण किती लागले, पहाटे कोण उठते आणि टाकीच्या तोंडाला गळणे बांधण्याचे काम कोण घेणार, हे एका कागदावर लिहावे. पौषाची थंडी येण्यापूर्वी तेवढे झाले, तर निर्णय कोणताही होवो, तो सर्वांच्या संमतीचा असेल.

जय जिनेंद्र.